मध्यंतरातली उडी

त्या मुलीच्या पुढच्या दाताला कुठला पांढरा शोभेल हे ती ठरवत होती. मुलीला तिने खिडकीशी बसवलं होतं, कारण दिव्याच्या उजेडात दाताचा रंग हमखास खोटं बोलतो. एका बोटाने वरचा ओठ उचलून धरलेला, दुसऱ्या हातात नमुन्याच्या दातांची पट्टी. एकेक नमुना शेजारच्या शाबूत दाताला लावून ती डोळे बारीक करून बघत होती. खाली डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आणि वर ही दात बनवायची खोली, प्लास्टरच्या जबड्यांनी भरलेली. रंगाचं अवघड असलं की डॉक्टरीणबाई पेशंटला सरळ जिना चढायला लावायच्या. या मुलीचा दात तिरका गेला होता, पाटीचा कोपरा उडावा तसा. सवयीने विचारावं तसं तिने विचारलं, "कशाने गं तुटला?" आणि ओठ तिच्या बोटावर असतानाच मुलगी म्हणाली, "टोळ मारताना."

तिने बोट काढून घेतलं. आपण काहीतरी भलतंच ऐकलं असं तिला वाटलं. "काय मारताना?"

"टोळ." मोकळी झालेली मुलगी उत्साहाने सांगायला लागली, पण तुटक्या दातातून तिचा 'स' सगळीकडून निसटत होता. "थ्केटबोर्डवरची उडी अथते. भिंतीवर चढायचं, अगदी काठापर्यंत. काठाला एक हात टेकवायचा, गुडघे अथ्थे बाहेर काढून कानाशी, क्षणभर तिथेच थांबायचं, आणि मग पाठीमागे, उलटं खाली. मी खाली आले, पण तोंडावर."

"आणि त्याला टोळ का म्हणतात?"

"टोळ नावाचा एक मुलगा होता म्हणे, पूर्वी. त्याने शोधली."

"मुलगा."

"हो ना. बोका थांगतो त्याची गोष्ट. बोका म्हणजे आमच्यातला थगळ्यात म्हातारा. रविवारी थकाळी पुलाखालच्या मैदानात मेळावा आहे, तो येणारे. तोवर दात मिळेल ना काकू?"

मिळेल, असं ती म्हणाली असावी. रंगही तिने ठरवला असावा, कारण मुलगी समाधानाने जिना उतरून गेली. मग ती खिडकीशी नुसतीच उभी राहिली. बोका! हिरव्या डोळ्यांचा, मिशी फुटायच्या आधीच मिशीला पीळ देणारा बोका अजून जिवंत होता, आणि लोकांना टोळची गोष्ट सांगत होता. टोळ. हे नाव कितीतरी वर्षांत कुणी तिच्या कानाशी उच्चारलं नव्हतं. नवऱ्याला ते माहीत नव्हतं, लेकीला माहीत नव्हतं, आणि तिने स्वतःही ते इतक्या खोल कुठेतरी ठेवलेलं होतं की आत्ता ते मुलीच्या रक्ताळलेल्या हिरडीतून बाहेर आलं तेव्हा आधी ओळखच पटली नाही. गर्दीत कुणी हाक मारावी, आपण वळून बघू नये, आणि दहा पावलं पुढे गेल्यावर कळावं की अरे, हाक आपल्यालाच होती.

तिने मेण तापवायला घेतलं. दाढ कोरताना चाकू दोनदा भलतीकडे गेला. या खोलीत अशा हाताला काही काम नसतं. दाढेचा एक उंचवटा केसभर वर राहिला तरी माणूस आठवडाभर जबडा धरून बसतो. तिने चाकू खाली ठेवला आणि कोपऱ्यातल्या प्लास्टरच्या जबड्यांकडे बघून ती चक्क हसली. समोरच्या टेबलावरून खोलीचे मालक चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय बाई, आज कुणाची बत्तिशी आवडली?" ती म्हणाली, "काही नाही हो." पण काही नाही कसं? माझी उडी अजून चालू आहे! हे वाक्य तिच्या डोक्यात आलं आणि जाईना. मी इथे बसून परक्या माणसांचे दात घासतेय, आणि तिकडे पुलाखाली पोरी माझ्या नावाने दात पाडून घेतायत.

तिची ती चाकांची फळी मुळात दादाची. काकाने जहाजावरून आणलेली, लाल, चाकं लोखंडी, आणि रस्त्यावर तिचा आवाज असा की आख्खी गल्ली खिडकीत यायची. दादा तिच्यावर फाटकापासून दिव्याच्या खांबापर्यंत एकदाच गेला. खांबाला मिठी मारून उभा राहिला, फळी काखेत घेऊन परत आला आणि म्हणाला, "हे काही खरं नाही." त्यानंतर ती पलंगाखाली गेली, आणि पलंगाखालून तिच्या पायाखाली. ती तेव्हा उंच, काटकुळी, पाय लांबच लांब. गुडघे दुमडून बसली की ते खांद्याच्या वर यायचे. टोळ हे नाव सुतारीणने ठेवलं. सुतारीण म्हणजे सुताराची मुलगी, बापाच्या दुकानातल्या मोडक्या खुर्च्यांच्या पाठी कापून फळ्या बनवायची, आणि त्या विकत मिळणाऱ्यांपेक्षा चांगल्या वळायच्या. तिसरी बदक, नर्सबाईंची मुलगी, चवडे बाहेर टाकत चालणारी. पण फळीवर चढली की तिचं बदकपण कुठे जायचं कोण जाणे. टोळ शब्द पुल्लिंगी आहे हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. मैत्रिणीला नाव ठेवताना कोण व्याकरण बघतं?

त्या उन्हाळ्यात पोहण्याच्या तलावाला गळती लागली आणि नगरपालिकेने तो रिकामा केला. निळा रंग दिलेला, तळाशी भिंती गोलाकार वळलेल्या, मधोमध पाणी जायची जाळी. मुलांनी तो पहिल्याच दिवशी बळकावला. मुली काठावर बसून बघायच्या आणि मुलं जेवायला घरी गेली की तिघी आत उतरायच्या. भर दुपारी. निळा रंग तापून भट्टी झालेला असायचा, डोळे आपोआप मिटायचे, आणि मिटल्या डोळ्यांनीच तिला भिंत कळायची: तळव्यांना आधी सपाट, मग किंचित कुरकुर, मग पोटात गोळा, म्हणजे चढण सुरू झाली. मुलांचं सगळं लक्ष जोरात जाण्यावर होतं. तिला मात्र वर, अगदी काठाशी, जिथे फळीला पुढे जायचं नसतं आणि मागेही यायचं नसतं, त्या जागेचं वेड लागलं. तिथे थोडं थांबता येईल का? थांबायला धरायला काहीतरी हवं. तिने काठाला हात टेकवला. कितीदा घसरली, तळहात सोलून निघाला, आईला तिने सांगितलं की विहिरीचा दोर लागला, आणि आई म्हणाली, आपल्याकडे विहीर कुठाय. पण एका दुपारी गुडघे आपोआप बाहेर फाकले, फळी तळव्यांना चिकटली आणि ती तिथे थांबली. सगळं थांबलं. आभाळ पायांच्या मधून दिसलं. मग सुतारीण खालून किंचाळली, आणि ती पाठीमागे, उलटी, जणू कुणी दोरीने खेचावं तशी, अलगद खाली आली.

पुढे त्या रिकाम्या तलावातच स्पर्धा झाली, मुलांची. मुलींचा गट नव्हता, मुलींना मध्यंतर दिलं होतं. भोंग्यावरून कुणीतरी पुकारलं, "आता मुली थोडी गंमत दाखवतील, तोपर्यंत मंडळींनी थंड काहीतरी घ्यावं." मंडळी लगेच उठली. बदक गेली, सुतारीण गेली, मग दादाची टोपी घालून ही गेली. बघ्यांच्या पायऱ्यांवर एकटा बोका उरला होता, बाटली तोंडाला लावलेला. ती वर जाऊन थांबली तेव्हा तिने त्याला पायांमधून पाहिलं, उलटा, आणि त्याची बाटली तशीच तोंडाला राहिली होती. खाली येईतो सरबताच्या रांगेतली निम्मी माणसं परतून काठाशी उभी होती. बक्षीस म्हणून तिघींना कंगव्यांचा एकेक संच मिळाला, आणि सुतारीण म्हणाली, "निदान दात तरी मिळाले." पुढच्या आठवड्यात मुलं तीच उडी मारायला शिकत होती आणि पडत होती. आयत्या बिळावर नागोबा, पण तेव्हा तिला त्याचा गर्वच वाटला. पुढच्या वर्षी वेळ कमी आहे म्हणून मध्यंतर वगळलं. मग तलाव दुरुस्त झाला, पाणी आलं, आणि जिथे ती थांबली होती तिथे एक मुलगा नाक दाबून बुडी मारत होता. मग ती दात बनवायला शिकली, लग्न झालं, लेक झाली. कुणी बंदी घातली नाही. बंदी घातली असती तर निदान लक्षात राहिलं असतं.

संध्याकाळी नवरा भाजी चिरत होता. तो भूगोल शिकवून निवृत्त झालेला, आणि घरातली प्रत्येक वस्तू कुठल्या दिशेला ठेवावी याबद्दल त्याची मतं ठाम. दाराशी चप्पल काढता काढताच तिने सांगून टाकलं. धाप लागल्यासारखी ती बोलत होती, तलाव, बोका, सुतारीण, टोपी, सगळं एकमेकांत गुंतलेलं. तो सुरी थांबवून ऐकत राहिला.

"तू?" तो म्हणाला.

"मी."

"त्या चाकाच्या फळीवर?"

"मग काय चाकाच्या खाटेवर?"

"पण अगं, तू जिन्याचा कठडा धरल्याशिवाय उतरत नाहीस."

"कठडा धरते ना? तेच तर. मी काठ धरणारी आहे पहिल्यापासून." आणि तिने ओट्याच्या कडेला डावा हात टेकवला, गुडघे दुमडून बाहेर फाकले, मान खांद्यावरून मागे वळवली. गुडघ्यांतून दोन्हीकडून करकर आवाज झाला. नवरा धावला. "अगं, पडशील!"

"मी पडत नसते," ती म्हणाली, आणि म्हणताना तिला असं वाटलं की हे वाक्य आत्ताचं नाही, कुठल्यातरी तापलेल्या निळ्या दुपारचं आहे.

तो हसला नाही. सुरी पुसून बाजूला ठेवत त्याने विचारलं, "इतकी वर्षं बोलली का नाहीस?" तिने पुष्कळ विचार केला. संताप, लाज, दुःख, असलं काही शोधून पाहिलं. "तू विचारलं नाहीस," ती शेवटी म्हणाली. "आणि कुणी विचारेल असं ते वाटलंच नाही. कंगवे मिळाले होते ना."

रविवारपर्यंतचे दिवस तिने जमिनीवर पाय न ठेवता काढले. पण मधूनच एक भीती डोकं वर काढायची. दात घासता घासता तिला वाटायचं, की आपण हे रचत तर नाही? आभाळ खरंच पायांमधून दिसलं होतं का, की ती बदकची आठवण होती, बदकने सांगितलेली? बदक परदेशी गेली, सुतारीण कधीच वारली. कोण सांगणार? इतकी वर्षं बोका सांगतोय की तो मुलगा होता, आणि ऐकणाऱ्या पिढ्यांनी ते ऐकलंय. त्यापुढे मेण तापवणाऱ्या एका बाईच्या पोटातला गोळा म्हणजे काय पुरावा? आपल्याच नावाने एक मुलगा शहरातून हिंडतोय, टोपी घालून, आणि आपण त्याच्या मागून पळतोय. अशा वेळी ती चाकू ठेवून डावा तळहात टेबलाच्या कडेला दाबून धरायची. हाताला आठवत होतं. मनगट कसं वळवायचं, वजन अंगठ्याखाली कुठे घ्यायचं. डोक्याने रचलं असतं तर हाताला कसं कळलं असतं? दात करायला घेतला तेव्हा लक्षात आलं की रंगाचा आकडा तिने चुकीचा लिहिला होता. तिने मुलीला पुन्हा बोलावून घेतलं, रंग नीट जुळवला, पण टोळबद्दल चकार शब्द काढला नाही. आधी बोक्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

रविवारी पुलाखाली आवाजच आवाज होता. वरून गाड्यांची घरघर, खाली चाकांची, आणि मधल्या हवेत पोरींच्या किंकाळ्या. पोरी! ती बघतच राहिली. लहान, मोठ्या, एक तर पोटुशी, काठावर बसून दुसरीला शिव्या घालून शिकवणारी. सिमेंटचा गोल खड्डा होता, तलावाइतकाच खोल, आणि त्याच्या काठावर एका खोक्यावर बोका बसला होता. मिशी पांढरी, पोट सुटलेलं, डोळे तेच. दात बसवलेली मुलगी त्याच्या पायाशी बसून "सांगा ना, सांगा ना" करत होती, सगळे 'स' जागच्या जागी. ती नवऱ्याचा हात धरून गर्दीच्या मागे उभी राहिली.

बोका गोष्ट रंगवून सांगत होता. रिकामा तलाव. निळा रंग. भोंगा. "सगळे सरबताला पळाले, पण मी बसून राहिलो, कारण माझ्याकडे बाटली होती. आणि टोळ आला, टोपी डोळ्यांवर ओढलेली, हाडकुळा, नुसते पाय. वर गेला. आणि पोरींनो, थांबला. मी पाहिलं. पाखरू कुंपणावर बसतं ना, तसा." त्याने हात हवेत धरला आणि सगळ्या त्या हाताकडे बघत राहिल्या. खरं होतं! सगळं खरं होतं, बाटलीसुद्धा. तो 'आला', 'गेला' म्हणत होता, आणि तिला राग यायला हवा होता, पण तिला वाटत होतं, सांग, अजून सांग, थांबू नकोस. आपण जे आतून केलं ते बाहेरून कसं दिसलं हे आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला दाखवत होतं. ती टाचा उंचावून ऐकत होती. नवऱ्याने तिच्या हातावरची पकड घट्ट केली.

"आणि मग," बोका आवाज खाली आणत म्हणाला, "उतरताना पडला बिचारा. मनगट मोडलं. पुन्हा कधी फळीवर दिसला नाही."

"खोटं!"

कुणाचा आवाज हे तिला क्षणभर कळलं नाही. सगळ्या माना वळल्या तेव्हा कळलं. "साफ खोटं! पडली नव्हती ती! उलटी खाली आली आणि जाळीपाशी जाऊन उभी राहिली, आणि तू टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीस, कारण तुझ्या तोंडात बाटली होती!"

बोका उठला, डोळ्यांवर हात धरून बघायला लागला. "कोण तू?" मग जरा जवळ येऊन, "थांब. तू टोळची बहीण ना?"

"टोळला बहीण नव्हती," ती म्हणाली. "टोळला एक भाऊ होता, आणि तो फाटकापासून खांबापर्यंत गेला तेवढाच."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बोका हसला नाही. तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि तिच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या पायांकडे, मग गुडघ्यांकडे, मग लांब हातांकडे बघत राहिला. त्याची मिशी हलायला लागली. "टोपी दादाची होती," तो हळूच म्हणाला. "टोपी पडली होती. तू नाही, टोपी. आणि वेणी खाली आली." तो खोक्यावर बसला. "अगं, आम्हाला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं की तू मुलगी आहेस. दुसऱ्या दिवशी आम्ही भांडलो होतो त्यावरून. मग मी सांगत गेलो, नव्या पोरांना, मग त्यांच्यानंतरच्यांना… आणि सांगता सांगता कधी मुलगा झाला, देवाशपथ, मला आठवत नाही. त्या मुलाने फळी का सोडली ते विचारायचे, म्हणून मग मनगटही मोडलं."

तिला वाटलं होतं की या वाक्याने काहीतरी होईल, रडू येईल, नाहीतर ती त्याच्या थोबाडीत मारेल. तसलं काही झालं नाही. उलट तिला हसायला यायला लागलं, पोटातून, आवरेना. "आणखी दोघी होत्या," ती हसतच पोरींना म्हणाली. "सुतारीण आणि बदक. फळ्या सुतारीण बनवायची. या बोक्याची पहिली चांगली फळीसुद्धा तिनेच केलेली. विचारा त्याला."

"खुर्चीच्या पाठीची," बोका म्हणाला. "हो. हो गं. तिची."

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. पोटुशी म्हणाली, "मग उतरताना बघायचं कुठे, काकू? आम्ही सगळ्या तिथेच आपटतो." आणि ती म्हणाली, "खाली बघता म्हणून आपटता. खांद्यावरून मागे बघायचं. जिथून आलो तिकडे." दाताची मुलगी तिथून उठलीच, फळी घेऊन खड्ड्यात गेली. चढली, हात टेकवला, गुडघे फाकले, थांबली, खांद्यावरून मागे पाहिलं आणि उलटी, सरळ, सपाट तळापर्यंत खाली आली. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले, दात जागेवर आहे का बघायला. मग ती जी ओरडली ती पुलावरच्या गाड्यांनाही ऐकू गेली असेल. "मारली! टोळ मारली!"

"आता तुम्ही," कुणीतरी म्हणालं, आणि ती नको म्हणेपर्यंत एकीने तिच्या डोक्यावर शिरस्त्राण चढवलं होतं, दुसरी गुडघ्यांना गाद्या बांधत होती. नवऱ्याने तिचा चष्मा आणि पिशवी घेतली. तो काहीतरी म्हणणार होता, उतार किती अंशांचा वगैरे, पण तिच्या तोंडाकडे बघून त्याने चष्मा खिशात ठेवला. ती बसून, घसरत खड्ड्यात उतरली. चष्म्यावाचून सगळं धूसर, करडं, गोल. पोरींनी दोन्ही बाजूंनी तिचे हात धरले. तळव्याखाली फळी हलली. केवढी जिवंत असते ही, विसरलेच होते! त्यांनी तिला हळू ढकललं. सपाट. मग किंचित कुरकुर. मग पोटात गोळा.

"सोडा!" ती म्हणाली. त्यांनी जरा उशिरा सोडलं. चढणीवर ती वीतभर गेली असेल, नसेल, कुठला काठ आणि कुठली थांबायची जागा; फळी पुढे निघून गेली आणि ती धपकन मागे बसली. वरून नवऱ्याची हाक आली, घाबरलेली. "अगं, लागलं का?"

"लागलं!" ती ओरडली. माकडहाडापासून मानेपर्यंत कळ गेली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ती हसत होती, इतकी की तिला उठता येईना. बोका काठावर वाकून बघत होता. तिने पोरींकडे हात पुढे केला. "धरा मला. आता पुन्हा ढकला, आणि या वेळी हात लवकर सोडा."